कागदाच्या लगद्याचे शिडाचे गलबत

गलबताचा सांगाडा जाड पुठ्ठ्याचा करावा आणि आतून आडव्या पट्ट्या चिकटवाव्यात, म्हणजे ओल्या लगद्याच्या भाराने कडा आत झुकत नाहीत. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवून, वाटून, फडक्यात पिळावेत आणि मैद्याच्या शिजवलेल्या खळीत मळावेत. चिमटीत दाबल्यावर भेग न पडता आकार धरला, की लगदा जमला. खळीत किंचित मोरचूद (कॉपर सल्फेट) घातल्यास कसर लागत नाही, मात्र ते विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये.

खरी परीक्षा वाळवण्याची. नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात गलबत ठेवले, तर वरचा थर तासाभरात कडक होतो, आतला ओलाच राहतो आणि नाळ, म्हणजे गलबताचे पुढचे टोक, वाकडी होते; म्हणून पातळ थर देऊन प्रत्येक थर सावलीतच वाळवावा. (कूलरसमोर तर मुळीच ठेवू नये, तिथली हवा दमट असते.)

डोलकाठ्यांसाठी बुरडाकडील बांबूच्या कामट्या उत्तम. त्या शेवटच्या थरापूर्वीच रोवाव्यात. शिडांसाठी खळ लावलेले दोन कागद एकमेकांवर चिकटवून तेलाचा हात लावलेल्या बाटलीवर वाळवावेत, म्हणजे वारा भरल्यासारखा फुगवटा येतो. अखेरीस पॉलिश पेपरने घासून, खडूची पूड व डिंक यांचा हात देऊन रंगवावे.