शिष्यवृत्ती परीक्षा: या चुका टाळा

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘घरी सोडवताना सगळं येत होतं.’ येत होतंच. गुण जातात ते उत्तरपत्रिकेवर पर्यायाचा गोल रंगवताना आणि प्रश्न अर्धवट वाचताना. जिल्हा परिषदेच्या शाळेतली हुशार मुलं दर वर्षी याच दोन जागी अडकतात आणि त्याची खरंच हळहळ वाटते.

आधी पेपर कसा असतो ते नीट समजून घ्या. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या चौथी-सातवीच्या या परीक्षेत दोन पेपर असतात. प्रत्येक पेपर ७५ प्रश्नांचा, १५० गुणांचा, दीड तासाचा. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात तृतीय भाषेचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि त्यातच वाचायचं, सोडवायचं, गोलही रंगवायचा.

सर्वांत महाग चूक: ओळ सरकणे

गणितात ३४वा प्रश्न अवघड वाटला म्हणून मूल पुढे जातं. ३५वा सोडवतं आणि त्याचं उत्तर उत्तरपत्रिकेवर ३४च्या ओळीत रंगवतं. पुढे सगळं सुरळीत चाललंय असं त्याला वाटत राहतं. ७५वा प्रश्न संपतो, तेव्हा उत्तरपत्रिकेवर एक ओळ रिकामी दिसते आणि पोटात गोळा येतो. तोवर ४१ उत्तरं एकेक घर वर सरकलेली असतात. ४१ प्रश्न म्हणजे ८२ गुण. चार पर्यायांतून योगायोगाने दहाएक जुळतील, म्हणजे वीसेक गुण. बाकी सगळं पाण्यात. बॉलपेनने रंगवलेला गोल खोडता येत नाही. रडत रडत खोडून दुसरा गोल रंगवला तरी एका ओळीत दोन गोल झाले, की त्या प्रश्नाला शून्यच.

यावर उपाय पाच-पाचाच्या गटाचा. पाच प्रश्न सोडवायचे, प्रश्नपत्रिकेतच पर्यायावर खूण करायची, मग पाचही गोल एकत्र रंगवायचे. पाचवा गोल रंगवताना क्रमांक मनात म्हणायचा: पाच, दहा, पंधरा. पूर्ण पेपरात अशा पंधरा थांब्यांवर तपासणी होते. चूक झालीच तर ती चार-पाच ओळींपलीकडे जात नाही. प्रश्न सोडला असेल तर प्रश्नपत्रिकेत त्याच्या क्रमांकाभोवती ठळक वर्तुळ काढायचं आणि उत्तरपत्रिकेवर त्या ओळीवर बोट ठेवून ‘चौतीस रिकामा’ असं म्हणूनच खाली उतरायचं. ओळ सरकल्याचं मध्येच लक्षात आलं, तर मागचं जाऊ द्यावं आणि तिथून पुढे बरोबर ओळीत रंगवावं.

‘आधी सगळं सोडव, शेवटी एकदम गोल कर’ असा सल्ला काही क्लासमध्ये देतात. तो मुळीच ऐकू नका. ७५ गोल नीट भरायला सात-आठ मिनिटं लागतात, आणि दहा वर्षांच्या मुलाला घड्याळाचा तेवढा अंदाज नसतो. घंटा होते आणि सोडवलेली वीस उत्तरं प्रश्नपत्रिकेतच राहतात.

सरावाला पहिल्या महिन्यापासून ओएमआरच्या (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेच्या) झेरॉक्स आणि बॉलपेन वापरा. पेन्सिलीने सराव केलेल्या मुलाचा हात परीक्षेत खोडरबर शोधतो.

पाठ केलेल्या ट्रिक

अधीरपणा इथे सर्वांत जास्त नडतो. डिसेंबरात जागे झालेले पालक मुलाला ट्रिकचे व्हिडिओ लावून देतात आणि मूल आकडे पाठ करतं. ‘१ ते १०० मध्ये ५ हा अंक २० वेळा येतो’ हे पाठ झालेलं असतं. पेपरात प्रश्न येतो: १ ते १०० पर्यंत किती संख्यांमध्ये ५ हा अंक आहे? मूल आनंदाने २० रंगवतं. उत्तर १९, कारण ५५ ही संख्या एकच, पण तिच्यात ५ दोनदा आहे. आता विचारलं, की ५ हा अंक असलेल्या दोन अंकी संख्या किती? तर १८, कारण नुसता ५ गळाला. पर्यायांत १८, १९, २० हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी असतात. प्रश्न काढणाऱ्याला तुमची ट्रिक माहीत असते.

आरशातल्या घड्याळाचंही तसंच. ‘११:६० मधून वजा कर’ एवढंच शिकवलेलं असतं. ४:२० चं ७:४० बरोबर येतं. मग प्रश्नात १२:३५ येतात आणि वजाबाकी होईना म्हणून मूल घाबरतं. तिथे २३:६० मधून वजा करायचं, उत्तर ११:२५. ज्या मुलाने घरी खरं घड्याळ आरशासमोर धरून पाहिलंय, ते या जागी अडत नाही. इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या प्रतिमांतही आरसा आणि पाणी यांची गल्लत होते. एच, आय, ओ, एक्स ही चार अक्षरं दोन्हीकडे तशीच राहतात. पण ए, एम, टी, यू, व्ही, डब्ल्यू, वाय ही फक्त आरशात आणि बी, सी, डी, ई, के ही फक्त पाण्यात.

एक सूत्र शिकवलं, की ते जिथे मोडतं असा एक प्रश्न त्याच दिवशी सोडवून घ्यावा. १०० मीटर रस्त्याच्या एका कडेला दर ५ मीटरवर झाड, तर दोन्ही टोकं धरून झाडं २१ हे शिकवलं, की लगेच १०० मीटर घेराच्या गोल तळ्याभोवतीची झाडं विचारावीत. तिथे उत्तर २० येतं, आणि का ते मुलाने चित्र काढून सांगावं.

बाकीच्या चुका थोडक्यात

‘नाही’, ‘चुकीचे विधान’, ‘गटात न बसणारे’ हे शब्द वाचताक्षणी अधोरेखित करा.

परीक्षा आठवीला होती तेव्हा त्या पेपरात काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असत. दोन्ही रंगवले तरच गुण, एकाला अर्धे गुण मिळत नसत. सातवीसाठी हा नियम अधिसूचनेत बघून घ्या.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत एकही ओळ रिकामी ठेवू नका.

भाषेला गृहीत धरू नका. दोन भाषा मिळून १०० गुण आहेत. पात्रतेसाठी प्रत्येक पेपरात ४० टक्के, म्हणजे १५० पैकी ६० गुण लागतात. एका पेपरात १२० आणि दुसऱ्यात ५८ पडले तर मूल अपात्र ठरतं, दोन्हींत ६६ पडलेलं पात्र ठरतं.

ताईचं-दादाचं जुनं गाईड डोळे झाकून वापरू नका. परीक्षा मधली काही वर्षं पाचवी आणि आठवीला होती, शासनाने ती २०२५-२६ पासून पुन्हा चौथी आणि सातवीला आणली आहे. मूल ज्या वर्षी बसणार त्या वर्षाची परिषदेची अधिसूचना स्वतः वाचा.

अर्ज शाळेच्या लॉगिनमधून भरला जातो, म्हणून पालक तो बघतच नाहीत. नाव, जन्मतारीख, माध्यम आणि संवर्ग मुख्याध्यापकांकडे बसून एकदा वाचा. मूल गणित ज्या भाषेत शिकतं त्याच्याशी माध्यम जुळलं पाहिजे. बँकेचा तपशील देतानाही खाते क्रमांकाचा एक अंक चुकला तर मिळवलेली शिष्यवृत्ती अडकून पडते.

परीक्षेहून आल्यावर उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत दप्तरात चुरगळू देऊ नका, फाईलला लावा. अंतरिम उत्तरसूची आली की आपल्या प्रश्नपत्रिकेच्याच संचाची सूची काढून ताडून पाहा, अ संचाची उत्तरं क संचाशी ताडून उगाच घरात रडारड होते. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर पाठ्यपुस्तकातल्या पानाचा आधार जोडून मुदतीत ऑनलाइन आक्षेप नोंदवा. मुदत थोडीच असते आणि त्यानंतर लागणारी अंतिम सूची बदलत नाही.