बाबांच्या लॉराचं लेदर: तेल काढायला दोन दिवस, रंगाला एक

आमच्या गाडीच्या ड्रायव्हर सीटचा रंग उडालाय, असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगत होते. प्रत्यक्षात रंग बराचसा जागेवरच होता. त्यावर बाबांनी दर दिवाळीला चोळलेलं खोबरेल होतं आणि खोबरेलावर नागपूरची धूळ.

गाडी 2008 ची स्कोडा लॉरा, आपल्या औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला जुळवलेली, आतून बेज लेदर. बाबांची दुसरी आवडती वस्तू म्हणजे कोल्हापुरी चप्पल. तिला ते तेल लावत, त्याच न्यायाने सीटलाही. पण कोल्हापुरीचं चामडं झाडांच्या सालीत कमावलेलं आणि उघडं असतं, ते तेल पितं. गाडीतलं लेदर बहुतेक वेळा रंगाने झाकलेलं असतं आणि त्या रंगावर आणखी एक पारदर्शक थर असतो. भिंतीवर डिस्टेंपर लावून वर वॉर्निश मारावं, तसं. त्यातून तेल आत जात नाही. वरच बसतं, ओशट होतं, भेगांत शिरतं, आणि पुढे रंग द्यायला गेलात तर रंगाला धरू देत नाही.

बर्डीवरच्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या, एका कुशनवाल्याला दाखवलं. सीटवर अंगठा दाबून तो म्हणाला, ‘ताई, लेदर खलास झालं. नवी कव्हरं टाकून घ्या, बावीस हजार.’ माझं सगळं सामान साडेतीन हजारांत आलं. वेळ मात्र तीन दिवस गेला, आणि कंबर दुखली ती वेगळीच.

आधी तुमच्याकडे नेमकं काय आहे ते बघा. ‘लेदर सीट’ म्हणून विकलेल्या पुष्कळ गाड्यांत फक्त बसायचा आणि पाठ टेकायचा भाग लेदरचा असतो. बाजू, सीटची मागची पाठ, दारावरचं पॅड हे रेक्झिन. सीटखाली हात घालून कापलेली कड शोधा. कडेला तंतू दिसले तर लेदर, कापडाचं अस्तर दिसलं तर रेक्झिन. मग पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर वरचा थर शाबूत आहे. तो जिरून डाग गडद झाला तर तिथला थर गेलाय. आमच्या सीटवर बसायच्या भागात थेंब उभा राहिला आणि चढता-उतरताना पँट घासते त्या बाहेरच्या कडेवर लगेच जिरला. अख्ख्या सीटवर थेंब जिरत असेल तर लेदर मुळात उघडंच असू शकतं. तसल्या लेदरला आणि स्वेडला (मखमलीसारखं लव असलेलं लेदर) खालची कृती लावू नका.

आता धुणं. खरं काम हेच आहे. लेदर किंचित आम्लधर्मी असतं. कपड्यांचा साबण, भांड्यांची पावडर, सोडा या सगळ्या गोष्टी त्याच्या उलट्या स्वभावाच्या, म्हणून लेदर क्लीनरच घ्या. तो जादूचा पांढरा स्पंज मिळतो ना, तोही नको. तो म्हणजे बारीक पॉलिश पेपरच, मळाबरोबर वरचा थरही खरवडतो. क्लीनर सीटवर न ओतता मऊ ब्रशवर घ्या, फेस करा, हातरुमालाएवढ्या भागावर गोल फिरवा आणि फेस वाळायच्या आत फडक्याने टिपून घ्या. माझं पहिलं फडकं चहाच्या रंगाचं निघालं, दुसरं राखाडी. तिसऱ्या वेळी शिवणीचा धागा दिसला: पांढरा! सोळा वर्षं आम्ही तो तपकिरी समजत होतो.

मळ गेला तरी तेल राहतं. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेवढंच डिस्टिल्ड पाणी घालून. आधी सीटखालच्या कोपऱ्यात लावून बघा, कारण हे रंगही सोडवतं. ते पेट घेतं, म्हणून चारही दारं उघडी हवीत, जवळपास उदबत्तीसुद्धा नको. फडकं ओलसर करायचं, सीट भिजवायची नाही. तेल गेलं का हे बघायची माझी युक्ती म्हणजे मास्किंग टेपचा तुकडा. वाळल्यावर चिकटवून बघायचा. मेणचट जागेवर तो आपोआप सुटतो. आमच्या सीटवर पाचव्या पुसण्यानंतर त्याने धरलं.

इथे थांबून सीटकडे नीट बघा. मागची सीट मी इथेच सोडली, तिला रंगाची गरजच नव्हती.

बाहेरची कड खरखरीत झाली असेल तर 600 नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर), मग 1000 चा, अगदी हलक्या हाताने. भेगांत लेदर फिलर भरायचं. सुतार लांबी भरतो तसं, पण पातळ. जुन्या एटीएम कार्डाने ओढून घ्यायचं, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा भरायचं. एक जागा मात्र सोडायची: सीटच्या कुशीत एअरबॅगचा टॅग असेल तर तिथली शिवण. ती वेळ आल्यावर फाटावी म्हणूनच तशी घातलेली असते. तिच्यावर फिलर नको, रंगाचे जाड थर नकोत. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरलाही हात लावू नका, तो एअरबॅगच्या वायरचा असतो.

रंग पाण्यात मिसळणारा, लेदरसाठीचाच. बूट पॉलिश अजिबात नको, पहिल्या पांढऱ्या सलवारीला ते उतरतं. छटा जुळवताना माझी चूक झाली. मी सीटच्या दर्शनी भागाशी जुळवत बसले, म्हणजे फिकटलेल्या रंगाशीच. मूळ रंग हेडरेस्ट उपसल्यावर त्याच्या खाली सापडतो, तिथे ऊन पोचत नाही. पांढऱ्यात पिवळसर माती रंग, थोडा तपकिरी आणि काळा. काळा टूथपिकच्या टोकाने घ्या. मी ड्रॉपरने घेतला, एक थेंब जास्त पडला. मुलगा म्हणाला, ‘आई, हा तर पालीचा रंग झाला.’ ओतून दिला. छटा बघायची ती वाळल्यावर आणि दिवसाउजेडी. ओला रंग फिकट वाटतो, वाळून गडद होतो, आणि ट्यूबलाइटखाली सगळंच जुळल्यासारखं दिसतं.

लावताना स्पंज रंगात बुडवून चांगला पिळा. पहिला हात इतका पातळ हवा की काम बिघडलंय असं वाटावं. पट्टे दिसतील, डाग दिसतील. त्याच जागी परत फिरवायचा मोह आवरा. हेअर ड्रायरने वाळवा, मग दुसरा हात. सुरकुत्यांत रंग जावा म्हणून डाव्या हाताने लेदर ताणून धरा. मला चार हात लागले. तिसऱ्यापर्यंत शेजारच्या काकू दर हाताला येऊन ‘झालं का गं?’ विचारत होत्या, चौथ्यानंतर गप्प. बारीक भोकांची सीट असेल तर स्पंज जवळजवळ कोरडाच ठेवा आणि बुजलेली भोकं रंग ओला असतानाच सुईने मोकळी करा. दोन पुढच्या सीटना 250 मिली रंग पुरून उरला.

वर पारदर्शक टॉपकोटचे दोन हात. मॅटच घ्या, चमकदार घेतलात तर मंगल कार्यालयातला सोफा होतो. एक दिवस बसू नका, आठवडाभर पुसू नका. मी हे फेब्रुवारीत केलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा रंग स्पंजवरच वाळेल. आणि पावसाळ्यात वाळणारच नाही.

आठ महिन्यांनी कशी आहे? बसायचा भाग उत्तम. बाहेरच्या कडेवर जिथे लेदर रोज दुमडतं तिथे एक भेग परत उघडली. तेवढाच तुकडा आता त्याच कुशनवाल्याकडून बदलून घेणार आहे. दुमडणाऱ्या जागी खोल भेग असेल तर फिलर टिकत नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला ते बावीस हजारांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

गाडी आता कडुनिंबाखाली लावते आणि पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा. काळ्या काचांचा विचार करू नका. समोरून 70 आणि बाजूने 50 टक्के उजेड आत यायलाच हवा, असा नियम आहे. महिन्यातून एकदा ओलसर फडकं, वर्षातून दोनदा क्लीनर. उरलेला रंग लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवलाय, वर चिठ्ठी: ‘लॉरा, पुढच्या सीट. खाऊ नये.’