जुन्या बेसबॉल कार्डातलं स्टेडियम कसं ओळखायचं

बेसबॉल कार्डं म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली, जमवायची कार्डं. त्यांवरचा फोटो कुठे आणि कधी काढला, हे खेळाडूच्या पाठीमागे काय दिसतंय त्यावरून बऱ्याचदा कळतं. त्यासाठी दहापट भिंग घ्या म्हणणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. कार्ड छापील असतं, भिंगाखाली अख्ख्या स्टँडचे रंगीत ठिपके होतात. स्कॅन करा आणि पडद्यापासून दोन हात लांब बसून बघा. ठिपके एकमेकांत मिसळतात आणि खांब उमटतात.

आधी गणवेश. पांढरा असेल तर घरचं मैदान, राखाडी असेल तर खेळाडू पाहुणा. ही कार्डं छापणारी टॉप्स कंपनी तेव्हा न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची होती, म्हणून पन्नास-साठच्या दशकातल्या राखाडी गणवेशामागे मी पहिल्यांदा न्यूयॉर्कची मैदानं धुंडाळतो. ताडाची झाडं दिसली तर बहुधा फ्लोरिडातलं सराव शिबिर.

मग फोटो उलटा छापलाय का ते तपासा. १९५७ च्या टॉप्स कार्डावर उजव्या हाताने खेळणारा फलंदाज हँक ॲरन डावखुरा दिसतो, कारण निगेटिव्ह उलटी लागली. छातीवरच्या ४४ मधले चौकेसुद्धा आरशातल्यासारखे आहेत. आकडा दिसत नसेल तर बटणपट्टी बघा. पुरुषांच्या शर्टात घालणाऱ्याची डावी बाजू वर असते.

आता खरं अवघड काम. कुंपणावरच्या जाहिरातींवरून मैदान ओळखायच्या नादात मी दोन वर्षं चुकीच्या नोंदी केल्या. जाहिराती बदलतात, आणि पुसट फोटोत त्या सगळ्या सारख्याच दिसतात. जाहिराती सोडा, छताची कड बघा.

न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या जुन्या यांकी स्टेडियमच्या छताला कडेने महिरपींची झालर होती. गणपतीच्या मखराला असते तशी, एकीला लागून दुसरी. फोटो कितीही धूसर असो, आभाळाच्या कडेला त्या कमानी दिसतातच. १९७३ चा हंगाम संपल्यावर स्टेडियम बंद झालं, यांकीज दोन वर्षं न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाच्या शे स्टेडियमवर खेळले आणि १९७६ मध्ये घरी परतले. तेव्हा झालरीची काँक्रीटची नक्कल फक्त आउटफिल्डच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या दूरच्या, बाजूला उरली होती, स्टँडमधले खांबही गेले होते. त्यामुळे १९७५ च्या कार्डावर स्टँडच्या छताला झालर दिसली, तर तो फोटो १९७३ चा किंवा त्याआधीचा. ‘कार्डाच्या आदल्या वर्षीचा फोटो’ हा सरसकट सांगितला जाणारा नियम इथे साफ खोटा ठरतो. माझ्या जुन्या नोंदी मी याच एका खुणेवरून दुरुस्त केल्या.

शे स्टेडियम १९६४ मध्ये उघडलं. तिथे आउटफिल्डकडे स्टँड एकदम संपतो आणि मोकळं आभाळ लागतं. पण १९६४ चं मेट्सचं कार्ड दिसलं की लगेच ‘शे’ लिहू नका. १९६२ आणि ६३ मध्ये मेट्स पोलो ग्राउंड्स या जुन्या मैदानावर खेळत होते, आणि फोटो तेव्हाचा असू शकतो.

टोपीवरून काही ठरवू नका. खेळाडूने संघ बदलला की टोपी रंगवून टाकत, मागचं स्टेडियम मात्र बहुधा तसंच राही. आणि १९५६ च्या टॉप्सवर ही पद्धत वापरूच नका. तिथे चेहरा एका फोटोतला आणि मागचं खेळाचं दृश्य भलतंच असतं. ॲरनच्या कार्डात मागे घसरत येणारा खेळाडू ॲरन नाही, विली मेज हा दुसराच खेळाडू आहे.

नोंद पेन्सिलीने, प्लॅस्टिकच्या पाकिटावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर. कार्डावर कधीच नाही.