ग्लुकोज असताना बुरशीचं अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) जनुक बंद राहतं, हे दाखवायचं कसं

पावसाळा लागला की एमएस्सीची मुलं बुरशी आलेलं खोबरं घेऊन लॅबमध्ये येतात. मी ते आत येऊच देत नाही. त्यावरची हिरवट-पिवळी बुरशी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असू शकते, आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष बनवते. कोजीत (जपानी पदार्थ आंबवायच्या विरजणात) वापरतात ती अ‍ॅस्परजिलस ओरायझी दिसायला जवळजवळ तशीच. म्हणून पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहांकडून ओरायझीचं ओळख पटलेलं कल्चरच मागवा.

झापेक-डॉक्स आगर या बुरशी वाढवायच्या माध्यमातली साखर वगळा. एका प्लेटमध्ये १ टक्का विद्राव्य स्टार्च, दुसरीत तेवढाच स्टार्च आणि २ टक्के ग्लुकोज. (उकड्या तांदळाची पेज चालेल का, असं विचारतात. नाही, तिच्यात स्टार्च किती, हे ठरलेलं नसतं.) बीजाणू पाण्यात भिजत नाहीत, म्हणून पाण्यात थोडं ट्वीन ८० (साबणासारखं द्रव्य) घाला आणि मधोमध एकच बारीक थेंब सोडा. जुलैत पणजीच्या हवेत झाकणाला पाणी सुटतं. ते टपकलं की बीजाणू प्लेटभर पसरतात. आगर आधी लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) वाळवा, थेंब जिरला की प्लेट उलटी करून ३० अंशांवर ठेवा.

दोन दिवसांनी आयोडीन ओता. स्टार्च निळा-काळा होतो. अमायलेजने तो तोडला असेल तिथे स्वच्छ वलय उरतं. ग्लुकोजच्या प्लेटवर वाढ भरघोस, वलय मात्र अगदी अरुंद. वलयाच्या व्यासाला वसाहतीच्या व्यासाने भागा आणि फोटो लगेच काढा, रंग उडतो. उशीर केलात तर ग्लुकोज संपून तिथेही वलय उमटेल.

पण वलय दिसतं ते एन्झाइमचं. जनुकाचं काय चाललंय ते आरएनएच सांगेल. माल्टोज (स्टार्च तुटून होणारी साखर) मिळालं की अ‍ॅमीआर हे प्रथिन जनुक चालू करतं. ग्लुकोज असेल तर क्रेए हे दुसरं प्रथिन प्रमोटरला (जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या भागाला) चिकटून जनुक दाबतं. नुसत्या ग्लुकोजवर वाढवलेल्या बुरशीत अमायलेज नाही म्हणून 'क्रेएने दाबलं' असं लिहू नका. माल्टोजच नव्हतं, म्हणूनही ते नसेल. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी ग्लिसरॉलवर वाढवलेलं मायसेलियम (बुरशीच्या तंतूंचं जाळं) धुऊन तीन फ्लास्कमध्ये वाटा: ग्लिसरॉल, माल्टोज, माल्टोज आणि ग्लुकोज. तिन्हींचे नमुने एकाच वेळी गाळून द्रव नायट्रोजनमध्ये टाका, आणि आरटी-क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजायच्या चाचणीत) अ‍ॅक्टिनच्या जनुकाशी (ते सहसा सारखंच चालू असतं) तुलना करा. नमुना काढताना तिसऱ्या फ्लास्कमध्ये ग्लुकोज शिल्लक आहे का, ते ग्लुकोज तपासायच्या पट्टीने पाहा. नसेल, तर त्या फ्लास्कचा आकडा धरू नका.