नवीन रॅम टाकल्यावर पीसी मधेच बंद पडायलाय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करा

रॅम वाढवली आणि पीसी मधेच निळा पडायला लागला की आमच्याकडं पहिला सल्ला ठरलेला, फॉरमॅट मारा. खानापूरचा माझा मावसभाऊ मराठी-कन्नड टायपिंगची कामं घेतो, त्यानं जुन्या ८ जीबीला अजून ८ जीबी जोडली आणि बेळगावच्या एका दुकानातनं दोनदा फॉरमॅट मारून आणला, पैसे गेले, सगळे फॉन्ट उडाले, आणि चौथ्या दिवशी परत तीच निळी स्क्रीन, त्यावर मेमरी मॅनेजमेंट अशी एरर.

पहिली गोष्ट, असं होत असताना महत्त्वाच्या फायली कॉपी करू नका, रॅम चुकत असली तर कॉपी होता होताच फाईल खराब होते आणि कळतसुद्धा नाही. आधी पीसी बंद करून वायर काढा, नवीन स्टिक (म्हणजे रॅमची पट्टी) काढून ठेवा आणि दोन दिवस जुन्यावर काम करा. त्रास थांबला तर विंडोजला कशाला दोष द्यायचा?

मग दोन्ही स्टिकवरचं लेबल शेजारी ठेवून वाचा. भावाच्या जुन्यावर पीसी४-२१३०० होतं म्हणजे स्पीड २६६६, नवीनवर पीसी४-२५६०० म्हणजे ३२००. दोन्ही डीडीआर४ म्हणजे एकाच पिढीच्या, १.२ व्होल्ट, स्लॉटात बसतात बरोबर, म्हणून दुकानदार चालतंय की म्हणतो. बहुतेक वेळा चालतंयही, मदरबोर्ड दोन्हीला कमी स्पीडवर आणतो. पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅमला जादा स्पीडवर पळवणारा पर्याय, चालू असलं तर नवीन स्टिकचं स्पीड जुनीवर लादलं जाऊ शकतं, आणि ती तग धरत नाही. म्हणून एक्सएमपी बंद करून बघा, डीडीआर५ च्या एएमडी बोर्डवर त्याला एक्स्पो म्हणतात. भावाचा अर्धा त्रास इथंच गेला.

जुन्या लॅपटॉपवाल्यांनी व्होल्ट बघाच, डीडीआर३ १.५ ची आणि डीडीआर३एल १.३५ ची, काही लॅपटॉपला १.३५ चीच लागते.

आता खरी परीक्षा. पेनड्राईव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम टाका आणि एक एक स्टिक वेगवेगळी, एकाच स्लॉटात, रात्रभर चालवा. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट कधी जाईल नेम नाही, यूपीएस नसला तर दिवसा लाईट टिकते त्या वेळात करा पण अर्धवट सोडू नका. विंडोजचं स्वतःचं टेस्टही आहे, स्टार्टमध्ये एमडीशेड (mdsched) टाईप केलं की येतं, पण त्यात पास झाली म्हणून रॅम निर्दोष धरू नका. एक जरी एरर आली तरी ती वाईटच.

एकच स्टिक चुकली तर तिचे सोनेरी दात खोडरबरनं हलक्या हातानं पुसून परत लावा, दमट हवेत तिथं थर धरतो. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात बसतात, बोर्डाच्या पुस्तकात बघून खात्री करा.

आणि दोन्ही एकट्या पास, जोडीनं नापास? मग एकमेकींशी पटत नाही एवढंच. बायोसमध्ये स्पीड हातानं २४०० करा, भाऊ अजून त्यावरच काम करायलाय आणि तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही. तरी नाही जमलं तर एकाच पाकिटातली जोडी घ्या, बोर्ड कंपनीच्या साईटवर चालणाऱ्या रॅमची यादी असते ती आधी बघून. नवीन स्टिक बदलून मागायला जाताना टेस्टच्या एररचा फोटो मोबाईलवर ठेवा, स्टिकरवरचा नंबर दिसेल असा दुसरा फोटोही, म्हणजे दुकानात परत फॉरमॅटची भाषा होत नाही.