शिंपल्यातलं भोक ऑक्टोपसने पाडलंय का, कसं ओळखायचं

रिकामा शिंपला हातात आला आणि त्याला भोक दिसलं की आधी एवढंच बघा, ते भोक लांबूनच दिसतंय का. सुबक गोल, दोरा ओवून गळ्यात घालता येईल असं असेल तर ते बहुतेक शिकारी गोगलगायीचं काम. मून स्नेलचं भोक बाहेरून रुंद आणि आत निमुळतं, स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून सुतार खळगा करतो ना, अगदी तसं. म्युरेक्सच्या जातीतल्या गोगलगायींचं सहसा सरळ उभ्या भिंतींचं. मी असाच एक शिंपला दोन वर्षं ऑक्टोपसचा म्हणून लोकांना दाखवत होतो, जाऊ दे.

ऑक्टोपसचं भोक त्यामानाने फारच गचाळ. बाहेरून लांबट, कडा खडबडीत, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं, आणि आत पोचेपर्यंत टाचणीच्या टोकाएवढं उरलेलं. कारण साधं आहे, गोगलगायीला त्या भोकातून सोंड घालून मांस खायचं असतं, ऑक्टोपसला तिथून फक्त विषारी लाळ सोडायची असते, शिंपला ढिला पडला की तो सरळ उघडूनच खातो.

म्हणून भिंग घ्या, शिंपला उजेडासमोर धरा आणि आतल्या बाजूने बघा. आत एक गोलसर डाग दिसेल, शिंपला घट्ट मिटून धरणारा स्नायू तिथे चिकटलेला असतो. भोक त्या डागावर किंवा अगदी जवळ असेल तर संशय पक्का होत जातो, कारण विष थेट स्नायूत गेलं की काम लवकर होतं. अर्थात भोक नाही म्हणजे ऑक्टोपस नाही असं नसतं हां, तो आधी हातांनी ओढूनच बघतो, नाहीच उघडलं तर किसणीसारखी जीभ आणि लाळेच्या नळीच्या टोकावरचे बारीक दात वापरून कोरत बसतो.

खेकड्याच्या बाबतीत कवच कोरायची गरज दर वेळी पडत नाही. डोळ्यातून किंवा सांध्याच्या मऊ पडद्यातून लाळ आत, काही मिनिटांत खेकडा लुळा. लाळेतली एन्झाइम्स मांस कवचापासून सोडवतात, त्यामुळे पाय आतून धुतल्यासारखे स्वच्छ मिळतात. बिळाच्या तोंडाशी अशा कवचांचा ढीग दिसला तर मालक आत असू शकतो. फक्त कात टाकलेल्या खेकड्याचं कवचही असंच रिकामं असतं, त्यात डोळ्यांवरचं पारदर्शक आवरणसुद्धा शाबूत असतं, तेवढं तपासून घ्या.

या लाळेत टायरामिन, सेरोटोनिन आणि खेकड्यांच्या नसांवर नेम धरणारी प्रोटीन्स असतात. ऑक्टोपामिन हे रसायन तर पहिल्यांदा ऑक्टोपसच्या लाळग्रंथीतच सापडलं, इटलीच्या व्हित्तोरिओ एरस्पामेर यांना, नाव तिथूनच आलं. आणि विषारी म्हणजे एखादीच जात असं नाही, कटलफिश आणि काही म्हाकूळसुद्धा याच पंगतीतले. ही भोकं पाडायची सवयही जुनी, 2021 मध्ये साउथ डकोटातल्या सुमारे 7.5 कोटी वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांवर अशी भोकं सापडल्याचं छापून आलं, तेही असंच कडा आणि आकार बघून ओळखलेलं.

शेवटचं, पण करायचं मात्र सगळ्यात आधी: ऑस्ट्रेलियापासून जपानपर्यंतच्या उथळ पाण्यात निळ्या कड्यांचा ऑक्टोपस असतो, बोटभर लांबीचा, आणि तो रिकाम्या शंख-शिंपल्यात लपून बसतो. त्याच्या लाळेत टेट्रोडोटॉक्सिन असतं, चावा बरेचदा दुखतही नाही, पण श्वासाचे स्नायू बंद पडतात आणि त्यावर उतारा नाही, विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास देत राहणं एवढंच हातात असतं. त्यामुळे अशा किनाऱ्यावर शंखात बोट घालायचं नाही, ओला शंख-शिंपला खिशात तर अजिबात टाकायचा नाही.