मर्सो घेतलीय? मग फ्रीजमधून आधी बाहेर काढा

मर्सो म्हणजे फ्रान्सची एक व्हाइट वाइन, आणि पहिली मर्सो मी पूर्ण वाया घालवली. नीट साठवून ठेवलेली बाटली, पाहुणे आले, व्हाइट वाइन म्हणजे गारच पाहिजे म्हणून दिवसभर फ्रीजमध्ये आणि वर परत अर्धा तास फ्रीझरमध्ये, चव काय लागली तर गार लिंबूपाण्यात कोणीतरी लाकूड बुडवलंय. उरलेली बाटली टेबलावर तशीच राहिली आणि तासाभराने एकाने सहज ओतून घेतली तर तो म्हणाला, अरे ही वेगळी आहे का? वेगळी नव्हती, फक्त गार राहिली नव्हती. म्हणून हे लिहितोय.

आधी उच्चार. स्पेलिंग Meursault, त्यातला ल आणि ट दोन्ही बोलायचे नाहीत, नुसतं मर्सो. फ्रान्सच्या बरगंडीमध्ये बोन शहराच्या दक्षिणेला हे गाव आहे, एका बाजूला वोल्ने, दुसऱ्या बाजूला प्युलिनी-मोंराशे. द्राक्ष शार्डोने, जमीन चुनखडी आणि मार्लची, म्हणजे चुना मिसळलेल्या चिकणमातीची. थोडी रेड पण होते पण नाव आहे ते व्हाइटचंच. गंमत म्हणजे शेजारच्या प्युलिनीत पाण्याची पातळी वर असल्यामुळे खोल तळघरं खणता येत नाहीत, मर्सोत येतात, त्यामुळे इथली पिंपं थंडगार तळघरात दुसरा हिवाळासुद्धा आरामात काढू शकतात.

आता ही इतकी भरदार का लागते ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. रस ओकच्या २२८ लिटरच्या पिंपात आंबवतात, नंतर त्याच पिंपात मेलेल्या यीस्टच्या गाळावर ठेवून देतात, काही जण तो गाळ काठीने ढवळतात, त्याने अंग येतं. शिवाय आतलं कच्च्या सफरचंदासारखं आंबट मॅलिक अ‍ॅसिड बॅक्टेरिया मऊ लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये बदलतात, दह्यात असतं तेच, आणि त्यातूनच लोण्यासारखा वास येतो. लोक हेझलनट, भाजलेला ब्रेड वगैरे म्हणतात पण मला विचाराल तर घरी लोणी कढवताना शेवटी बेरी तांबूस व्हायला लागते ना, तो वास. आणि हे सगळे वास अति गार झाले की दबतात, वर फक्त आंबटपणा आणि लाकूड उरतं.

म्हणून टेंपरेचर १२ ते १४ डिग्री. थर्मामीटर नसेल तर फ्रीजमधून काढून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, आपल्याकडे एप्रिल-मे असेल तर वीस मिनिटं बास. बर्फ तर अजिबात नको. ग्लास मोठ्या पोटाचा घ्या, रेडचा चालतो, आणि एक तृतीयांशच भरा. बाटली तरुण असेल तर काचेच्या जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवायला काही हरकत नाही, व्हाइट कोण डिकँट करतं असं म्हणून लोक हसतील, हसू देत.

विकत घेताना. मर्सोमध्ये ग्रां क्रू, म्हणजे बरगंडीत सगळ्यात वरचा दर्जा मिळालेलं शेत, एकही नाही, इथे सगळ्यात वर त्याच्या खालचा दर्जा, प्रीमिए क्रू. त्यातली तीन नावं लक्षात ठेवा, पेरिएर, जनव्रिएर आणि शार्म. पेरिएर म्हणजे जुन्या दगडखाणींची जागा, वाइनही तशीच ताठ आणि दगडी, शार्म त्याच्या खालच्या उतारावर, जास्त गोलमटोल. गूत द'ऑर म्हणजे सोन्याचा थेंब, ही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनची आवडती. पण पहिल्यांदाच घेत असाल तर या भानगडीत पडू नका, पैसे जातील आणि बहुतेक वेळा ती वाइन अजून कोवळी, चव न खुललेली असेल. प्रीमिए क्रूच्या खालची, साधी गावच्या नावाची मर्सो घ्या, पण लेबलवर शेताचं नावही असलेली शोधा, नार्वो किंवा तिये, ही शेतं वरच्या थंड उतारावर आहेत आणि वाइन ताजी राहते. तेही परवडत नसेल तर शेजारच्या ओसे-द्युरेस किंवा सँ-रोमँची व्हाइट बघा. परदेशातून येताना ड्युटी फ्रीमध्ये माणशी दोन लिटर दारू आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. भारतात इम्पोर्टेडची किंमत बघून मी तरी दुकानातून परत फिरतो.

फार जुनी बाटली ओळख नसलेल्याकडून घेऊ नका. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बऱ्याच व्हाइट बरगंडी वेळेआधीच म्हाताऱ्या झाल्या, महागड्यासुद्धा. रंग तपकिरीकडे झुकलेला आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा असेल तर ती गेली, जगमध्ये ओतून परत येणार नाही. गावची मर्सो तीन ते पाच वर्षांची असताना उघडली की सहसा फसत नाही. आणि बाटली माळ्यावर ठेवू नका प्लीज, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते.

सोबत काय खायचं तर तिखट सोडून काहीही, मिरचीपुढे ओक कडू लागतो. तिकडे क्रीममधलं चिकन, लॉबस्टर, कोंते चीज. आपल्याकडे बटर-लसणातली कोळंबी किंवा गोव्याचं सौम्य, नारळाच्या रसातलं काल्दीन, ते तर भारीच जमतं. मालवणी रस्सा मात्र बिअरबरोबरच. अकलूजकडची शार्डोनेसुद्धा याच जेवणाबरोबर लावून बघा, मर्सो नाही ती, पण द्राक्ष तेच आणि खिसा शाबूत.

एकट्याने उघडू नका हे पण सांगतो. मर्सो गावात नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी ला पोले नावाचं मोठं जेवण असतं, तिथलेच वाइनवाले ज्यूल लाफों यांनी १९२३ मध्ये ते परत सुरू केलं, प्रत्येक जण आपापली बाटली घेऊन येतो आणि टेबलभर फिरवतो. चार जणांत काँट्री काढून तसंच करा. आणि तळाला ग्लासभर उरलीच तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी जेवणाआधी अर्धा तास काढा. माझ्याकडे तर दुसऱ्या दिवशीचाच ग्लास जास्त चांगला लागलाय, दोनदा.